कॉट्सवोल्ड्समधले सायकल रूट: नदी धरून जा, आडवे जाऊ नका

जूनमध्ये मी आणि माझा भाचा, दोघं दोन दिवस इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागात रोड बाईकवर फिरून आलो, त्याचा हा रिव्ह्यू. जायच्या आधी मी जे काही वाचलं त्यात नुसतं सुंदर गावं सुंदर गावं एवढंच होतं, चढ कुठं आहेत, कुठल्या बाजूनं चढायचं आणि कुठल्या बाजूनं उतरायचं हे कोणी नीट सांगत नव्हतं, म्हणून मी जरा सविस्तर लिहितोय.

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाका. इंग्लंडमध्ये कसले आलेत डोंगर असं मलाही वाटायचं, आणि आकडे बघितले तर तसंच वाटतं, या भागातली सगळ्यात उंच जागा क्लीव्ह हिल, ती फक्त ३३० मीटर. आपण घाट चढून सरावलेले लोक, दहा-बारा किलोमीटर एका लयीत चढायचं, वर पोचलं की झालं. इथं तसं नाहीये. इथं दीड किलोमीटर चढ, मग खाली दरीत, छोटा पूल, लगेच परत चढ, असं दिवसभर. पहिल्या दिवशी आम्ही सत्तरच्या आसपास किलोमीटर केले आणि चढ मोजला तर हजार मीटरच्या जवळपास भरला, आणि त्यातला एकही चढ चार किलोमीटरपेक्षा लांब नव्हता. मांड्या भरून येतात त्या या तुटक तुटक चढांनी, कारण लय लागायच्या आत चढ संपतो आणि श्वास खाली यायच्या आत पुढचा सुरू होतो.

असं का होतं ते नकाशा घेऊन बसलो तेव्हा कळलं. हा सगळा भाग म्हणजे चुनखडीच्या दगडाची एक तिरकी फळी आहे असं समजा. वायव्येकडची कड एकदम कापल्यासारखी खाली जाते, आणि आग्नेयेकडं ती फळी हळूहळू उतरत थेम्सच्या खोऱ्यात जाते. विंडरश, इव्हनलोड, कोल्न, लीच या सगळ्या नद्या त्या हलक्या उताराच्या बाजूनं थेम्सला जातात आणि प्रत्येकीनं आपापली दरी कोरलीये. म्हणजे नदीच्या कडेकडेनं गेलात तर दिवस सुखाचा, आणि एका नदीकडून दुसरीकडं आडवे गेलात की करवतीच्या दातांवरून चालल्यासारखं. माझं तर स्पष्ट मत आहे की इथला रूट ठरवताना गावांची यादी करू नका, आधी नद्या बघा, गावं आपोआप येतात, कारण जुनी गावं बरीचशी नदीकाठीच आहेत.

आम्ही मुक्काम मोरटन-इन-मार्शला केला. लंडनच्या पॅडिंग्टनवरून थेट ट्रेन आहे, दीड तासात पोचता, आणि स्टेशन गावातच आहे. सायकल न्यायची असेल तर ट्रेनमध्ये सायकलची जागा आधी रिझर्व्ह करा, जागा अगदी मोजक्या असतात आणि सायकल उभी करून चाकावर टांगायची असते, रुंद हँडल असेल तर आत घालताना कसरत होते. भाच्यानं स्वतःची आणली, मी तिथं जवळच्या गावातून भाड्यानं घेतली. दुकानाचं नाव घेत नाही, माणसं बोलायला चांगली होती, पण फोनवर मी दोनदा विचारलं होतं की डोंगराळ भागाला चालेल असे गिअर आहेत ना, तेव्हा हो हो म्हणाले, आणि सायकल हातात आली तर पुढं पेडलजवळची छोटी चेनरिंग (दातेरी चकती) ३६ दात्यांची आणि मागच्या चाकाची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) ११ ते २८ दात्यांची. सपाटीला उत्तम सायकल, पण इथल्या चढाला चुकीची. भाड्यानं घेणार असाल तर दाते किती ते आकड्यातच विचारा, पुढं ३४ आणि मागं किमान ३२, याच्या खाली तयार होऊ नका, आणि टायर निदान २८ मिलिमीटर रुंदीचे मागा, त्याचं कारण पुढं येईल.

पहिला दिवस. मोरटनवरून ड्रेकॉटमार्गे ब्लॉकली. फॉस वे नावाचा जुना रोमन रस्ता मोरटनमधून आणि पुढं येणाऱ्या स्टो गावामधून सरळ रेषेत जातो, एक्सेटरपासून लिंकनपर्यंत होता तो, पण आता तो मोठा रहदारीचा रस्ता आहे, गाड्या भन्नाट जातात, त्यावर जायचंच नाही. ए ४४ नावाचा दुसरा मोठा रस्ता पण नाही. हे दोन रस्ते सोडले की बाकी सगळ्या छोट्या गल्लीवजा वाटा, एक गाडी जेमतेम जाईल एवढ्या, दोन्ही बाजूला झाडांचं कुंपण नाहीतर दगडी भिंत. समोरून गाडी आली की कोणीतरी एक जण रुंद जागा बघून थांबतो, हात वर करून आभार मानायचे आणि पुढं. दोन दिवसात एकानंही हॉर्न वाजवला नाही, हे मी मुद्दाम लिहितोय. २०२२ पासून त्यांच्या हायवे कोडमध्ये सायकलला ओव्हरटेक करताना किमान दीड मीटर अंतर ठेवा असं स्पष्ट लिहिलंय, आणि या वाटांवर दीड मीटर सोडायला जागाच नसते म्हणून लोक मागं शांतपणे थांबतात. आपण पण मग फार वेळ न अडवता जागा मिळाली की बाजूला व्हायचं.

ब्लॉकली मला फार आवडलं आणि तिथं गर्दी अजिबात नव्हती. गावातून ओढा वाहतो, त्या पाण्यावर पूर्वी रेशमाच्या गिरण्या चालायच्या, कॉव्हेंट्रीच्या रिबीन विणणाऱ्यांना इथून रेशीम जायचं. त्या गिरण्यांमध्ये आता लोक राहतात. गाव उतारावर वसलेलं, घरं एकावर एक, आणि बाहेर पडताना जो चढ लागतो तो थंड पायांनी चढायला लागतो, म्हणून ड्रेकॉटपर्यंत जरा पाय फिरवून घ्या.

तिथून ब्रॉड कॅम्पडनवरून चिपिंग कॅम्पडन. चिपिंग म्हणजे जुन्या इंग्रजीत बाजार, आपल्याकडं गावाच्या नावात पेठ असते ना, अगदी तसं. आणि बाजार कसला तर लोकरीचा. या टेकड्यांवरच्या मेंढ्यांच्या लोकरीवर मध्ययुगात हा सगळा भाग श्रीमंत झाला, इतका की ब्रिटनच्या लॉर्ड्सच्या सभागृहात सभापती आजही लोकर भरलेल्या बैठकीवर बसतात. कॅम्पडनचा मुख्य रस्ता हलकासा वळत जातो त्यामुळे एकेक घर हळूहळू समोर येतं, सायकलवरून हे जास्त छान कळतं, कारचा वेग त्याला जास्त होतो. विल्यम ग्रेव्हल म्हणून लोकरीचा मोठा व्यापारी होता त्याचं घर, १३८० च्या सुमाराचं, अजून उभं आहे. मधोमध मार्केट हॉल आहे, १६२७ मध्ये सर बॅप्टिस्ट हिक्सनं बांधला, चारी बाजूंनी उघडा. आत जमिनीवरचे दगड झिजून असे खोलगट गुळगुळीत झालेत की क्लीट्स (पेडलमध्ये अडकणारे सायकलचे बूट) घालून चालताना पाय सरकतो, मी खांबाला हात लावून उभा राहिलो तर खांबाच्या कडा पण माणसांच्या हातांनी गोल झालेल्या. चारशे वर्षं लोक तिथं हात टेकून उभे राहिलेत. मी पाच मिनिटं तिथंच थांबलो, भाचा म्हणाला मामा चल, पण पाय निघेना.

अजून एक, शीप स्ट्रीटवर जुनी रेशीम गिरणी आहे, तिथं १९०२ मध्ये सी. आर. ॲशबी नावाचे डिझायनर लंडनच्या ईस्ट एंडमधून आपले कारागीर घेऊन आले होते, गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट म्हणजे हस्तकारागिरांचा संघ. चांदीकाम करणारे आजही तिथं बसतात. वेळ काढून वर जा.

कॅम्पडनवरून डोव्हर्स हिल दीड-दोन किलोमीटर, चढ सोपा, कारण आपण फळीच्या हलक्या बाजूनं चढतोय. वर पोचलं की एकदम जमीन संपते. म्हणजे खरंच संपते, समोर इव्हशमचं सपाट खोरं पसरलेलं. या टेकडीवर १६१२ पासून रॉबर्ट डोव्हर यांनी सुरू केलेले खेळ भरतात, ऑलिम्पिक म्हणतात त्यांना, मधे बरीच वर्षं खंड पडला होता पण आता पुन्हा होतात, आणि त्यात एकमेकांच्या नडगीवर लाथा मारायचा खेळ आहे, पँटच्या पायात गवत भरून खेळतात. खेळ मे अखेरीस किंवा जूनच्या अगदी सुरुवातीला होतात, आम्ही गेलो तेव्हा होऊन गेले होते.

डोव्हर्स हिलवरून खाली वेस्टन सबएज. सबएज म्हणजे कडेच्या खालचं, नावातच भूगोल. हा उतार तीव्र आहे, वळणं आंधळी आहेत, ड्रॉप्सवर (हँडलच्या खालच्या वळणावर) हात ठेवा आणि ब्रेक आधीपासून धरा, खाली वस्ती आहे. याच कारणासाठी मी सांगेन की ही फेरी घड्याळाच्या उलट्या दिशेनं करा, म्हणजे सगळ्यात खडी कड उतरायला मिळते आणि परत वर यायला ब्रॉडवेवरून स्नोशिलचा जरा माणुसकीचा चढ मिळतो. उलट केलं तर डोव्हर्स हिलची ती भिंत चढायला लागेल.

खालून विलर्सीमार्गे ब्रॉडवे, हे पाच-सहा किलोमीटर पूर्ण दिवसात सगळ्यात सपाट. इथं खाऊन घ्या. एक लक्षात ठेवा, इकडच्या पबची किचन दुपारी दोन-अडीचला बंद होतात ती संध्याकाळीच उघडतात, सायकलवाल्यांची यात फार उपासमार होते, म्हणून एक तर लवकर जेवा नाहीतर खिशात काहीतरी ठेवा. ब्रॉडवे मोठं आणि देखणं आहे पण गर्दीचं, वर डोंगरावर ब्रॉडवे टॉवर दिसतो, जेम्स वायटनं आराखडा केलेला, १७९८-९९ च्या सुमाराचा, नुसता दिसायला छान म्हणून बांधलेला. आम्ही तिकडं गेलो नाही, सरळ वर जाणारा रस्ता ए ४४ चा आहे आणि दुसरी वाट फार खडी.

आता स्नोशिलचा चढ. या सगळ्या रूटमधला माझा सगळ्यात आवडता भाग, आणि गिअरमुळं सगळ्यात जास्त त्रास झालेला पण हाच. साडेतीन-चार किलोमीटर. पहिला अर्धा भाग फसवा आहे, दरीतून हळूहळू वर जातो, उजवीकडं मेंढ्या, झाडांची सावली, वाटतं एवढाच चढ. मग गावाच्या आधी रस्ता उभा राहतो. माझ्याकडं २८ च्या पुढं गिअर नव्हता, पेडल इतकं हळू फिरत होतं की सायकल सरळ ठेवण्यासाठी मला रस्त्यात नागमोडी जायला लागलं, भाचा मात्र ३४-३२ वर आरामात बसून गोल गोल पाय फिरवत वर गेला, वळणावर थांबून ओरडला, "मामा, उभा राहू नको, बसूनच ये, मागचं चाक घसरतंय तुझं!" त्याचं बरोबर होतं. रस्त्यावर बारीक खडी वाहून आली होती, उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन कमी होऊन ते जागेवर फिरायचं. बसलो, हूड्सवरून (ब्रेकच्या मुठींवरून) हात मागं घेतले, आणि आलो वर.

स्नोशिल म्हणजे मधोमध चर्च, त्याच्या भोवती हिरवळ आणि त्याच्या भोवती घरं, बस. इतकं लहान. इथं घरांची छपरं बघा. कौलं नाहीत, दगडाच्याच पातळ फरश्या आहेत, खाली वळचणीला मोठ्या आणि वर आढ्याकडं लहान लहान होत जातात. पूर्वी खाणीतून काढलेला दगड हिवाळाभर उघड्यावर ठेवायचे, आतलं पाणी गोठून दगडाचे पापुद्रे सुटायचे, त्याच्या या फरश्या. छपराचा उतार खडा ठेवायला लागतो नाहीतर पाणी आत येतं, म्हणून सगळी घरं टोकदार दिसतात. एकदा हे कळलं की पुढच्या प्रत्येक गावात मान वर करूनच सायकल चालवली जाते, जपून.

स्नोशिल मॅनर हा जुना वाडा नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडं आहे, चार्ल्स वेड नावाच्या माणसानं जन्मभर गोळा केलेल्या हजारो वस्तू आहेत, अंधाऱ्या खोलीत सामुराई चिलखतं बसवून ठेवलीत, आणि वरच्या मजल्यावर जुन्या सायकली आहेत, लाकडी चाकांच्या, लोखंडी धावेच्या. आपण आत्ता जो चढ कार्बनच्या सायकलवर धापा टाकत चढलो तो तेव्हा लोक यावर कसे चढले असतील, चढले असतील की ढकलत नेली असेल. तासभर गेला तिथं, आणि तो तास मला सगळ्यात मोलाचा वाटला. उघडायचे दिवस आणि वेळा बघून जा. लॅव्हेंडरची शेतं पण इथंच वर आहेत, ती जूनअखेर ते जुलैमध्ये फुलतात, आम्ही जरा लवकर होतो.

स्नोशिलनंतर पठार. वर झाडं कमी, वारा भरपूर, बहुतेक वेळा नैऋत्येकडून म्हणजे तोंडावरच. पण इथंच विंडरश नदी सुरू होते, आणि फोर्ड, टेम्पल गायटिंग, गायटिंग पॉवर, नॉन्टन अशी तिच्या संगतीनं वाट जाते. टेम्पल गायटिंग हे नाव टेम्पलर सरदारांवरून (मध्ययुगातला ख्रिस्ती लढवय्यांचा पंथ), बाराव्या शतकात त्यांच्याकडं ही जमीन होती. ह्या पट्ट्यात आम्हाला तासाभरात चार गाड्या भेटल्या असतील. आणि भिंती, मैलोगणती दगडी भिंती, चुना नाही सिमेंट नाही, दोन बाजूंनी दगड रचत आणायचे, मधल्या पोकळीत बारीक तुकडे भरायचे, आणि अगदी वर दगड उभे लावायचे. त्यांना सायकल टेकवू नका, वरचे दगड सुटे असतात, एक पडला की पाऊस आत शिरून भिंत फुगायला लागते. मी पहिल्यांदा टेकवली आणि एक दगड हलला, तो नीट बसवला आणि मग दिवसभर सायकल गवतावरच आडवी केली.

इथंच पंक्चर झालं. मी फोनवरच्या एका ॲपवर रूट बनवला होता आणि रोड सायकल असं निवडलं होतं, तरी त्यानं गायटिंगच्या अलीकडं डांबरी सोडून एका कच्च्या वाटेला घातलं. इंग्लंडमध्ये फुटपाथ वेगळे आणि ब्रायडलवे वेगळे, फुटपाथ म्हणजे शेतारानातून फक्त पायी जायची वाट, ब्रायडलवे म्हणजे घोड्यांची वाट, ब्रायडलवेवर १९६८ च्या कायद्यापासून सायकलला परवानगी आहे, फुटपाथवर नाही. तर परवानगी आहे म्हणून ॲपनं ती वाट घेतली, पण परवानगी असणं वेगळं आणि २५ च्या टायरला ती झेपणं वेगळं, चुनखडीचे धारदार तुकडे आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, दोनशे मीटरवर मागचं चाक बसलं. ट्यूब काढली तर सापाच्या दातासारखी दोन भोकं, दगडावर रिम आपटून चिमटलेली. भाच्याकडं जास्तीची ट्यूब होती म्हणून निभावलं.

म्हणून कागदी नकाशा घ्याच. ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल ४५ क्रमांकाचा, १:२५,००० प्रमाणाचा. त्यात डांबरी रस्ता, ब्रायडलवे, फुटपाथ सगळं वेगवेगळ्या खुणांनी आहे, आणि सायकलवाल्यांसाठी सोन्यासारखी गोष्ट म्हणजे रस्त्यावर काढलेले छोटे बाण. एक बाण म्हणजे सातास एक ते पाचास एक चढ, दोन बाण म्हणजे पाचास एकपेक्षाही खडा, आणि बाणाचं टोक उताराकडं असतं. रात्री बसून पुढच्या दिवसाच्या वाटेवरचे बाण मोजले की किती दमणार ते कळतं. दोन बाणांच्या वाटा आम्ही पेन्सिलनं खोडून टाकल्या.

नॉन्टनवरून एक चढ काढून अप्पर स्लॉटर. नाव ऐकून कत्तल वगैरे डोक्यात येतं पण तसं काही नाही, जुन्या इंग्रजीत दलदलीच्या ओल्या जागेसाठी शब्द होता त्यावरून आलंय. या गावात युद्धस्मारकाचा खांब नाही. इंग्लंडच्या जवळजवळ प्रत्येक गावात तो असतो, मेलेल्या पोरांची नावं कोरलेला, आणि इथून दोन्ही महायुद्धांत गेलेले सगळेच्या सगळे परत आले. असली गावं संपूर्ण देशात अगदी थोडी. दिवसभर गावागावात ते खांब बघत, नावं वाचत आल्यावर इथं तो नाही हे कळलं तेव्हा आम्ही दोघं काही बोललोच नाही थोडा वेळ.

इथं आय नदी रस्त्यावरूनच वाहते, पाणी घोट्याएवढं. बाजूला छोटा पूल आहे, सायकल त्यावरून हातानं न्या. पाण्याखाली शेवाळं असतं, भाच्याला पाण्यातून जायचा मोह झाला आणि पुढचं चाक निसटून तो गुडघ्यावर पडला, फार लागलं नाही पण गिअरची शिफ्टर वाकडी झाली.

तिथून लोअर स्लॉटर अगदी जवळ, नदीकाठी घरं, पाणचक्की, संध्याकाळच्या उन्हात दगड मधाच्या रंगाचा होतो. उत्तरेकडं दगड असा पिवळसर, दक्षिणेकडं जावं तसा फिका होतो, त्यात लोहाचा अंश कमी-जास्त असतो म्हणून. बोर्टन-ऑन-द-वॉटर दोन किलोमीटरवर आहे, आम्ही गेलो आणि दहा मिनिटांत परत फिरलो. गाव वाईट नाही, विंडरशवरचे बुटके पूल छान आहेत, १९३७ मध्ये उघडलेली गावाची दगडी छोटी प्रतिकृती पण आहे, पण बसगाड्यांनी आलेली इतकी माणसं की सायकल ढकलायला लागते. जायचंच तर सकाळी नऊच्या आत.

शेवटी लोअर स्वेलवरून स्टो-ऑन-द-वोल्ड. दिवसभराच्या दमलेल्या पायांना हा दीडेक किलोमीटरचा चढ नको वाटतो पण गाव त्या लायकीचं आहे. चौकातून बाहेर पडणाऱ्या बोळी बघा, ट्यूर म्हणतात त्यांना, इतक्या अरुंद की मेंढी एका मागोमाग एकच जाईल, म्हणजे बाजारात आणताना मोजायला सोपं. माझं हँडल दोन्ही भिंतींना घासेल की काय असं वाटलं. चर्चचं उत्तरेकडचं दार दोन जुन्या यू झाडांच्या बुंध्यांमध्ये आहे, ते चुकवू नका. याच गावाजवळ मार्च १६४६ मध्ये पहिल्या इंग्लिश यादवी युद्धातली शेवटची लढाई झाली. तिथून ब्रॉडवेल, इव्हनलोड या गावांवरून मोरटन, जवळजवळ सगळा उतार. साडेनऊपर्यंत उजेड होता.

दुसऱ्या दिवशी कोल्न नदी. हे थोडक्यात सांगतो, कारण इथं सांगण्यापेक्षा चालवण्यातच मजा आहे. नॉर्थलीचला लोकरीच्या पैशातून उभं राहिलेलं भलंमोठं चर्च आहे, आत व्यापाऱ्यांच्या कबरींवर पितळी पत्रे आणि त्यात त्यांच्या पायाखाली मेंढ्या आणि लोकरीच्या गोणी कोरलेल्या. मग कोल्न सेंट डेनिस, कोल्न रॉजर्स, विन्सन, ॲबलिंग्टन, नदी एका बाजूला, आणि पंधराएक किलोमीटरमध्ये खरा असा चढच नाही. अंतर शंभरला थोडं कमी झालं आणि तरी पहिल्या दिवसापेक्षा निम्मंच दमलो. डोंगर ज्यांना झेपत नाहीत, किंवा घरच्यांना घेऊन जायचंय, त्यांनी फक्त हाच भाग करावा.

बायबरीला आर्लिंग्टन रो म्हणून घरांची रांग आहे, १३८० च्या सुमाराला मठाचं लोकरीचं कोठार होतं, सतराव्या शतकात विणकरांची घरं झाली, समोरच्या पाणथळ गवतात कापड वाळत घालायचे. फोटो इतके पाहिलेले असतात की प्रत्यक्षात लहान वाटतं. आत आजही लोक राहतात, आणि बाहेर माणसं खिडकीला नाक लावून आत डोकावतात, ते बघून मला फार वाईट वाटलं. आम्ही पुलावरूनच बघून पुढं फेअरफर्डला गेलो, तिथल्या चर्चमध्ये रंगीत काचेच्या अठ्ठावीस खिडक्या, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, पूर्ण संच शाबूत. दुपारी ऊन दक्षिणेकडून आत येतं तेव्हा जमिनीवर निळे-लाल ठिपके पडतात. परत येताना ईस्टलीचला नदीवर नुसत्या मोठ्या दगडी लाद्या टाकून केलेला पूल आहे, तिथं बूट काढून पाय पाण्यात टाकून बसलो.

आता कधी जायचं. मे-जून उत्तम. सप्टेंबरपासून एक अडचण आहे जी मला तिथल्या एका म्हाताऱ्या सायकलवाल्यानं सांगितली, पक्ष्यांची घरटी असतात म्हणून मार्च ते ऑगस्टअखेर शेतकरी कुंपणं छाटत नाहीत, आणि मग १ सप्टेंबरपासून सगळीकडं छाटणी सुरू होते, हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्नचे काटे रस्ताभर पसरतात. तेव्हा गेलात तर जाड टायर आणि तीन ट्यूब. घोडे वर्षभर भेटतात, मागून गुपचूप जाऊ नका, लांबूनच मोठ्यानं हॅलो म्हणा म्हणजे घोड्याला माणसाचा आवाज कळतो, स्वाराची मान हलली की मग सावकाश, लांबून पुढं जा. बेल वाजवू नका, काही घोडे त्याला बिचकतात.

पाचपैकी किती द्यायचे तर स्नोशिल ते स्लॉटर या तुकड्याला पाच, कोल्नच्या खोऱ्याला पाच, कॅम्पडनला पाच, बोर्टनला दोन, आणि भाड्याच्या सायकलला अडीच. विंचकम, हेल्स ॲबी आणि क्लीव्ह हिलची बाजू राहिली, ती पुढच्या मेमध्ये करायची ठरलीये, तिथं नकाशावर बाण बरेच आहेत म्हणून मी स्वतःची सायकल नेणार आणि मागं ३४ ची कॅसेट बसवून घेतलीये. कोणी त्या बाजूनं गेलं असेल तर विंचकमवरून वर चढायला कुठली वाट कमी खडी ते जरूर सांगा.